'नॉर्मल' : गुण्यापासून सरासरीपर्यंत

'रिपोर्ट नॉर्मल आला', 'डिलिव्हरी नॉर्मल झाली', 'यंदा पाऊस नॉर्मल आहे', 'तो मुलगा काही नॉर्मल वाटत नाही'. ही वाक्ये मराठीच आहेत आणि ती ऐकताना कोणी अडखळत नाही. शब्द इंग्रजी असला तरी तो शिकण्यासाठी शाळेत जावे लागत नाही इतका तो आपल्यात मुरला आहे. मात्र या चार वाक्यांत त्याचे काम एकसारखे नाही. पहिल्या वाक्यात तो रोग नसल्याचे सांगतो आणि दुसऱ्यात शस्त्रक्रिया झाली नसल्याचे. तिसऱ्यात तो निव्वळ एक सरासरी आहे. भारतीय हवामान विभागाच्या हिशेबात १९७१ ते २०२० या काळातील मोसमी पावसाची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस पडला की तो 'नॉर्मल'. चौथ्या वाक्यात मात्र हा शब्द एका मुलाबद्दल निवाडा देऊन टाकतो.

मापाचा शब्द निवाड्याचा कसा झाला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सुताराच्या किंवा गवंड्याच्या हातात एक काटकोनी हत्यार असते. आपल्याकडे त्याला गुण्या म्हणतात. दाराची चौकट, भिंतीचा कोपरा, टेबलाचा पाय बरोबर नव्वद अंशांत आहे की नाही हे तो लावून पाहतात. रोमन सुतारांकडेही हे हत्यार होते आणि लॅटिनमध्ये त्याचे नाव होते 'नॉर्मा'. त्यावरून झालेले विशेषण 'नॉर्मालिस', म्हणजे गुण्यात बसणारे, काटकोनातले. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो भूमितीतला हा अर्थ घेऊनच. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा शिकवताना आरशाच्या पृष्ठभागावर आपण जी लंब रेषा काढतो, जिला मराठी पाठ्यपुस्तकांत 'स्तंभिका' म्हणतात, ती इंग्रजीतली 'नॉर्मल'. आज अनेक विद्यार्थ्यांना त्या रेषेचे हे नाव विचित्र वाटते. त्या रेषेत 'नेहमीचे' असे काय आहे? खरे तर तिथेच हा शब्द आपल्या मूळ घरी आहे. बाकीच्या ठिकाणी तो नंतर राहायला गेला.

मूळ अर्थातही एक दुहेरी गोष्ट होती. भूमितीच्या दृष्टीने नव्वद अंशांचा कोन एकोणनव्वद अंशांच्या कोनापेक्षा चांगला किंवा वाईट नसतो. सुताराच्या दृष्टीने मात्र नव्वद अंश म्हणजे बरोबर आणि एकोणनव्वद म्हणजे चूक, कारण टेबल डुगडुगते. म्हणजे गुण्या एकाच वेळी दोन कामे करतो. कोन किती आहे ते दाखवतो आणि तो किती असायला हवा तेही सांगतो. मराठीत 'सरळ' या शब्दाचे असेच आहे. सरळ रेषा आणि सरळ माणूस यांना आपण एकच विशेषण लावतो, आणि जो सरळ नाही तो 'वाकड्यात शिरला' असे म्हणतो.

या कुळातला दुसरा एक शब्द इंग्रजीत आधीच येऊन बसला होता, तो म्हणजे 'एनॉर्मस'. मूळ लॅटिन अर्थ 'नॉर्माच्या बाहेर गेलेला'. आज त्याचा अर्थ फक्त 'प्रचंड' असा राहिला आहे, पण जुन्या इंग्रजीत तो भयंकर, घोर, दुष्ट अशा अर्थानेही वापरला जाई. 'अ‍ॅबनॉर्मल' हा शब्द मात्र बराच उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडला, आणि तोही सरमिसळीतून. 'अ‍ॅनॉमलस' या ग्रीक वंशाच्या शब्दाचा 'नॉर्मा'शी काहीही संबंध नव्हता. तरी उच्चाराच्या सारखेपणामुळे लोकांनी तो जोडला आणि पुढे लॅटिन उपसर्ग लावून दुरुस्त केला. शब्दांच्या वंशावळी पुष्कळदा अशाच असतात.

'नेहमीचे, साधारण' या अर्थाने 'नॉर्मल' हा शब्द इंग्रजीत रूढ झाला तो १८३० ते १८४० च्या सुमारास. त्याआधी लोक 'कॉमन', 'नॅचरल', 'रेग्युलर' या शब्दांनी काम भागवीत. एवढा रोजचा शब्द दोनशे वर्षांपूर्वी या अर्थाने जवळजवळ नव्हता, हे प्रथम वाचताना खरे वाटत नाही.

या शब्दाच्या प्रवासातला एक टप्पा खास शिक्षकांचा आहे. ऑस्ट्रियात १७७४ च्या शालेय कायद्याने प्रांतांच्या मुख्य शहरांत 'नॉर्माल शूले' काढण्याचे ठरवले. इतर शाळांनी जिच्याकडे पाहून आपली घडी बसवायची, आणि जिथे शिक्षकही तयार व्हायचे, ती ही शाळा. इथे 'नॉर्मल' म्हणजे साधारण नव्हे, आदर्श. गुण्या शाळेलाच लावलेला.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर ही कल्पना मोठ्या प्रमाणावर अमलात आली. जुनी धार्मिक शिक्षणव्यवस्था मोडली होती आणि नव्या प्रजासत्ताकाला शिक्षक हवे होते. ३० ऑक्टोबर १७९४ च्या हुकुमाने पॅरिसमध्ये 'एकोल नॉर्माल' स्थापन झाली. देशभरातून सुमारे १,४०० विद्यार्थी बोलावले गेले. १७९५ च्या जानेवारीत वनस्पती उद्यानातल्या सभागृहात वर्ग सुरू झाले. शिकवायला कोण होते? गणिताला लाग्रांज आणि लाप्लास, वर्णनात्मक भूमितीला मोंज, रसायनशास्त्राला बर्तोले. विद्यार्थ्यांत सव्वीस वर्षांचा फूरिए होता, जो पुढे उष्णतेच्या गणितासाठी प्रसिद्ध झाला. इथे शिकून प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यात जायचे आणि तिथे इतरांना तयार करायचे, अशी योजना होती. शिकवणारे थोर होते, पण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते झेपत नव्हते. शिक्षक-प्रशिक्षण शिबिरांचा अनुभव असलेल्यांना याचे नवल वाटू नये. चार महिन्यांत, मे १७९५ मध्ये, ही शाळा बंद पडली. तिचे नाव मात्र टिकले आणि १८०८ मध्ये नव्या रूपात संस्थाही परत उभी राहिली.

तिथून हे नाव जगभर गेले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लेक्सिंग्टन येथे १८३९ मध्ये पहिली सरकारी नॉर्मल स्कूल निघाली, तेव्हा पहिल्या दिवशी तीन विद्यार्थिनी हजर होत्या. इलिनॉय राज्यात १८५७ मध्ये स्थापन झालेल्या अशा संस्थेवरून शेजारच्या वस्तीचे नावच 'नॉर्मल' पडले. ते गाव आजही त्याच नावाने नांदते आहे. आपल्याकडे मुंबईत १८४५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षकांसाठी नॉर्मल वर्ग निघाला आणि त्याची जबाबदारी 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांकडे देण्यात आली. दुसऱ्याच वर्षी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांतही अध्यापनाच्या शिक्षणासंदर्भात 'नॉर्मल स्कूल' हे नाव येते. आज ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याला 'साधी शाळा' असा अर्थ वाटण्याचा संभव आहे, म्हणून शिक्षकांनी तिथे क्षणभर थांबून ते समजावून द्यावे.

शाळेच्या नावात 'आदर्श' असा अर्थ असतानाच, त्याच फ्रान्समध्ये वैद्यकाने हा शब्द उचलला. पॅरिसमधील ब्रूसे नावाच्या डॉक्टरचे म्हणणे असे की रोग ही शरीराबाहेरून आलेली वेगळी वस्तू नव्हे. तेच अवयव, त्याच क्रिया, फक्त नेहमीच्या मानाने जास्त किंवा कमी झालेल्या. या नेहमीच्या अवस्थेला नाव मिळाले 'नॉर्मल'. ऑग्युस्त कॉम्त या तत्त्वज्ञाला ही कल्पना फार आवडली आणि त्याने ती शरीरावरून समाजाला लावली. समाजाचीही एक नॉर्मल अवस्था असते आणि तिकडे त्याला न्यायचे असते, असे तो मानत होता. वैद्यकातला शब्द राजकारणात गेला तो असा.

तिसरी वाट आकाशातून आली. खगोलशास्त्रज्ञ एकाच ताऱ्याचे स्थान पुन्हा पुन्हा मोजतात. प्रत्येक वेळी उत्तर किंचित वेगळे येते. ही सारी उत्तरे आलेखावर मांडली तर मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारा घंटेच्या आकाराचा वक्र मिळतो. द मुआव्हर याला तो १७३३ मध्ये नाणेफेकीच्या गणितात सापडला होता. १८०९ मध्ये गाउसने आणि त्यानंतर लगेच लाप्लासने तो मोजमापातील चुकांना लावला. एकोल नॉर्मालमध्ये शिकवणारा लाप्लास तो हाच. वक्राचे नाव तेव्हा 'चुकांचा नियम' असे होते. 'नॉर्मल' हे नाव त्याला अजून मिळायचे होते.

ब्रुसेल्सचा खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याने हा वक्र माणसांवर आणला. एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात सुमारे ५,७०० स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे छापली होती. केटलेने ती मांडली तेव्हा ४० इंचांच्या आसपास शिखर असलेला तोच घंटेचा आकार दिसला. इथपर्यंत सारे ठीक होते, पण त्याने पुढची उडी मारली. एका पुतळ्याच्या हजार शिल्पकारांनी हजार प्रती केल्या तर प्रत्येकीत थोडी चूक होईल आणि सर्वांची सरासरी मूळ पुतळ्याजवळ जाईल, असा त्याचा दृष्टांत होता. म्हणजे निसर्गाच्या मनात एक 'सरासरी माणूस' आहे आणि आपण सारे त्याच्या कमीअधिक चुकलेल्या प्रती आहोत! ताऱ्याला एक खरे स्थान असते, म्हणून मोजमापातील फरकाला चूक म्हणता येते. सैनिकांच्या छात्या मात्र खरोखरच वेगवेगळ्या होत्या. त्यात चुकले होते कोण?

केटलेच्या लेखी सरासरी हे सौंदर्य आणि आरोग्य यांचे शिखर होते. इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टनने त्याचाच वक्र घेतला, पण उलट्या बाजूने पाहिले. त्याच्या दृष्टीने सरासरी म्हणजे सुमार. त्याचे लक्ष वक्राच्या उजव्या टोकाकडे, बुद्धिमंतांकडे होते, आणि डाव्या टोकाची त्याला काळजी होती. १८८३ मध्ये त्याने 'युजेनिक्स', म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्द घडवला. १८७० च्या दशकात दोनतीन देशांतील लेखक या वक्राला 'नॉर्मल' म्हणू लागले, त्यांत गाल्टन होता. पुढे त्याचा अनुयायी कार्ल पिअर्सन याने ते नाव पक्के केले. त्यामागे एक व्यावहारिक सोयही होती. वक्राचा मान गाउसला द्यायचा की लाप्लासला, हा जर्मन-फ्रेंच वाद टळत होता. पिअर्सनने १९२० मध्ये स्वतःच लिहून ठेवले आहे की या नावामुळे बाकी सर्व वितरणे जणू 'अ‍ॅबनॉर्मल' आहेत असा लोकांचा समज होतो, हा त्याचा तोटा. तोपर्यंत नाव सुटले होते.

एव्हाना या एका शब्दात तीन अर्थ एकत्र राहू लागले होते. जे पुष्कळ आढळते ते, जे निरोगी आहे ते, आणि जे असायला हवे ते. बोलणारा एकातून दुसऱ्यात केव्हा सरकला हे त्यालाही कळत नाही. डावखुरी माणसे दहांत साधारण एक असतात. ती संख्येने थोडी आहेत, यावरून त्यांच्यात काही बिघाड आहे असे ठरत नाही. तरीही कितीतरी घरांत आणि वर्गांत डाव्या हातावर पट्टी बसली आहे.

सर्वांत मोठी किंमत शाळकरी मुलांनी दिली. शाळा सक्तीची झाल्यावर काही मुले मागे पडतात हे फ्रान्समध्ये लक्षात आले. १९०४ मध्ये 'अ‍ॅबनॉर्मल' मुलांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी सरकारने समिती नेमली. तिच्या कामातून आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमॉन यांची १९०५ ची बुद्धिमापन श्रेणी जन्मली. बिनेचा हेतू मदत कोणाला हवी ते शोधण्याचा होता. बुद्धी हे जन्मभर न बदलणारे माप आहे या कल्पनेला त्याने स्पष्ट विरोध केला होता. पण १९११ मध्ये तो वारला, आणि अमेरिकेत त्याच्या चाचणीचे हत्यार वेगळ्या हातांत गेले. चाचणीत कमी पडणाऱ्यांना वंश वाढवू देऊ नये असे म्हणणारे कायदे अनेक राज्यांत झाले. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, आणि एकूण ६०,००० हून अधिक माणसांवर ती लादली गेली. जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली हा आकडा सुमारे चार लाखांवर गेला. बिनेच्या चाचणीचे मराठी आणि कन्नड रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये केले. 'बिने-कामत' या नावाने ती आपल्या मानसशास्त्रज्ञांना परिचित आहे. चाचणीचा दोष नव्हे, वापराचा, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते. ज्या फूटपट्टीवर मधल्या खुणेला 'योग्य' असे नाव छापले आहे, ती हातात घेणारा तिच्याकडून तसेच काम करून घेणार.

मधोमध बसणारा माणूस खरोखर असतो का, हा प्रश्नही कोणीतरी मोजूनच सोडवायला हवा होता. १९४५ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात एक गमतीची स्पर्धा झाली. सुमारे १५,००० गोऱ्या तरुणींच्या मापांच्या सरासरीवरून एक पुतळा घडवला होता. त्याचे नाव 'नॉर्मा', म्हणजे तोच जुना गुण्या. या पुतळ्याशी नऊ मापांत जुळणारी स्त्री शोधायची होती. ३,८६४ जणींनी भाग घेतला आणि नऊही मापांत एकही जुळली नाही.

यानंतरचा पुरावा अधिक भक्कम आहे. १९५० मध्ये अमेरिकी हवाईदलाने ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली उंची, छाती, बाहीची लांबी अशी दहा मापे निवडली. प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत येणाऱ्याला त्याने 'सरासरी' म्हणायचे ठरवले. सवलत चांगलीच ढिली होती. दहाही मापांत सरासरी असलेले वैमानिक निघाले शून्य. कोणतीही तीनच मापे घेतली तरी साडेतीन टक्क्यांहून कमी. सरासरी वैमानिकासाठी बनवलेली बैठक म्हणजे कोणासाठीच न बनवलेली बैठक, हे सिद्ध झाले. पुढे हवाईदलाने मागेपुढे सरकणाऱ्या खुर्च्या आणि जुळवता येणारे पट्टे मागवायला सुरुवात केली.

यात आश्चर्य नाही, हे गणिताने दाखवता येते. दहा मापे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असती तर दहाही वेळा मधल्या ३० टक्क्यांत येण्याची शक्यता ०.३ चा दहावा घात, म्हणजे दहा लाखांत सुमारे सहा, इतकीच असती. प्रत्यक्षात मापे थोडी एकमेकांवर अवलंबून असतात, पण उंच माणसाचा तळवा मोठाच असेल असे नाही. हा प्रयोग वर्गात सहज होतो. चाळीस मुलांची उंची, पसरलेल्या हातांची लांबी, वितीची लांबी, पाऊल आणि डोक्याचा घेर मोजावा. प्रत्येक मापात मुले क्रमाने लावून मधली बारा निवडावीत. मग पाचही याद्यांत कोणाकोणाची नावे आहेत ते मुलांनाच शोधू द्यावे. मापांऐवजी पाच विषयांचे गुण घेतले तरी चालेल, फक्त नावे फळ्यावर लिहू नयेत.

दवाखान्यातला 'नॉर्मल' याहून निर्धोक असतो असे आपण समजतो. तिथेही थोडे खोलात जावे लागते. लाइपझिगच्या वुंडरलिख या डॉक्टरने सुमारे २५,००० रुग्णांची तापमाने घेऊन १८६८ मध्ये ३७ अंश सेल्सिअस हा आकडा दिला. त्याचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर केले की ९८.६ येतात. ३७ हा ढोबळ आकडा, पण रूपांतरात त्याला दशांश चिकटला आणि तो एकदम काटेकोर दिसू लागला. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांवर पुन्हा मोजणी झाली तेव्हा सरासरी ९८.२ निघाली. शिवाय तापमान सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असते. रक्त-लघवीच्या अहवालातील 'नॉर्मल' मर्यादाही बहुधा निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के घेऊन आखलेल्या असतात. म्हणजे व्याख्येनेच वीसातला एक निरोगी माणूस मर्यादेबाहेर पडतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के येते.

मराठीत परिभाषा तयार करणाऱ्यांनी या शब्दाची गाठ बरीच सोडवली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. प्रकाशात 'स्तंभिका', भूमितीत 'अभिलंब', संख्याशास्त्रात 'प्रसामान्य', मानसशास्त्रात उलट बाजूला 'अपसामान्य', असे एका इंग्रजी शब्दाचे चार शब्द त्यांनी केले. पण बोलताना आपण ते वापरत नाही. आपण म्हणतो, 'याला नॉर्मल शाळेत घेतील का?' शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचा अर्थ 'याला मास्तर होता येईल का?' असा झाला असता. आज तो विचारतात ऐकू न येणाऱ्या किंवा उशिरा बोलू लागलेल्या मुलाचे आईवडील.

हा शब्द आपल्या कायद्यातही होता. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात, अशा विद्यार्थ्यांना 'नॉर्मल स्कूल'मध्ये सामावून घेण्यासाठी शासनाने प्रयत्न करावा असे कलम होते. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिक्षणाच्या कलमात 'समावेशक शिक्षण' हा शब्द आहे, आणि त्याची व्याख्या दिव्यांग असलेल्या व नसलेल्या विद्यार्थ्यांनी एकत्र शिकणे अशी आहे. शाळेने आपली शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजांनुसार बदलून घ्यायची, असेही त्या व्याख्येत आहे.